वर चढवलेला आवाज

सुलेला रस्त्यात पाहिलंत तर या माणसाचं काहीतरी हरवलंय असंच वाटेल. एक हात कायम खिशात, आणि खिशात मुठीएवढा रेकॉर्डर. बसचं दार उघडतानाचा फुस्स आवाज, मासळीवालीची ओरड, माझ्या आईचं घोरणंसुद्धा त्यानं टिपून ठेवलंय. पुसत मात्र काहीच नाही.

मी नसूर. मार्सेयच्या उत्तरेकडच्या वस्तीत आम्ही दोघं वाढलो. दोघांचेही आईबाप आफ्रिकेजवळच्या कोमोर बेटांवरून आलेले. तो ठेके बनवायचा, मी त्यावर रॅप करायचो. मला वेळेवर अक्कल आली, मी बस चालवायला लागलो. त्याला काही ती आली नाही. शहरातल्या निम्म्या रॅपर पोरांची गाणी त्याच्या स्वयंपाकघरात जन्मली. पोरं पॅरिसला गेली, नावारूपाला आली. सुले चाळिशी उलटली तरी तिथंच, गळक्या नळाशेजारी बसलेला.

मग त्याला सोलेन भेटली. तिच्या एका छोट्या फिल्मला त्यानं संगीत दिलं होतं, आता तिनं मोठा सिनेमा दिला. तुरुंगाच्या फाटकाबाहेर मुलाची वाट बघणारी आई, हा त्यातला मुख्य प्रसंग. सुलेनं आपल्या आईकडची तिच्या लग्नाची जुनी कॅसेट काढली, त्यातली एका बाईच्या गाण्याची ओळ उचलली आणि ठेकेवाले सगळेच करतात ते केलं. आवाज वरच्या पट्टीत चढवला, कोवळ्या पोरीसारखा इतका पातळ केला की मूळचा कुणाचा ते कळू नये. सोलेन ते ऐकून रडली. तिथूनच आमच्या झोपेचं खोबरं झालं.

कारण सिनेमावाल्यांच्या वकिलानं विचारलं, हा आवाज कुणाचा? तिची परवानगी हवी, आणि तीही सोमवारच्या आत. सोमवारी संगीत चित्रावर कायमचं बसणार होतं.

"इतकी जुनी कॅसेट. कोण ओळखणार होतं रे?" सुले माझ्यापाशी कुरकुरला.

"मला काय विचारतोस शहाण्या? आईला विचार."

त्याच्या आईनं दोन सूर ऐकून सांगितलं, "मूळ कॅसेट लाव बघू. हां, ही एशाता. माझ्या लग्नात तीच पुढं होऊन गायली. पण तिच्या दारात जाऊ नकोस हो."

का ते आम्हाला ठाऊक होतं. एशाता मावशीची लेक रुकिया ऐन विशीत आजारानं गेली. तेव्हापासून मावशी प्रत्येक लग्नात नटूनथटून येते, पहिल्या रांगेत बसते, आणि ओठ मिटलेले ठेवते.

सुलेनं दुसरी चाल करून पाहिली. सोलेन म्हणाली, "तो आवाज नसेल तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल, सुले." आमच्यासारख्यांना सिनेमावाले पुन्हा बोलावत नाहीत. शनिवारी तो माझ्या बसमध्ये बसला आणि दर थांब्यावर एकच विचारत राहिला, "ती नाही म्हणाली तर?" शेवटी मी त्याला खाली उतरवायची धमकी दिली.

माझी पाळी संपल्यावर आम्ही मावशीकडे गेलो. आमच्यात साऱ्या गावाला जेवू घालून मोठं लग्न केल्याशिवाय पुरुषाला वडीलधाऱ्यांपुढं आधी तोंड उघडता येत नाही, मग त्याचे केस पिकले तरी. माझं ते लग्न झालंय, सुलेचं नाही. म्हणून बोलायचं मी.

नारळाच्या दुधातला भात झाला, गवती चहा झाला. तोवर मावशी त्याला टोचत होती. "यंत्रं वाजवतोस म्हणे. एखादी बायको वाजव की!" तो हसला.

मी विषय काढला. मावशीचा चेहरा दगड झाला. पण हेडफोन तिनं घेतला, डोक्याच्या रुमालावरून कानांना लावला.

ऐकता ऐकता तिचा हात छातीशी गेला. "रुकिया तुला कुठं सापडली?"

सुले गप्प राहिला असता तरी चाललं असतं. तिनं त्या क्षणी काहीही दिलं असतं.

"मावशी, रुकिया नाही ती," तो म्हणाला. "तुम्हीच आहात. तुमचाच आवाज मी वर चढवलाय."

"खाली आण."

त्यानं आवाज मूळ जागेवर आणला. मावशीनं पूर्ण ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"ही मी. ही घेऊन जा. ती नाही."

"मावशी, त्यांना तीच..."

"तिला बाजारात उभी करणार नाही मी. तिला इथं ठेव."

सुलेनं तो वर चढवलेला आवाज तिच्या फोनमध्ये घातला. मग माझ्यादेखत स्वतःकडचा पुसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही पुसलं असेल. जिना उतरताना तो म्हणाला, "संपलो मी."

रविवारभर त्यानं खालच्या आवाजाभोवती सगळं संगीत नव्यानं बांधलं. सोमवारी सोलेननं ते फाटकाच्या प्रसंगावर लावून पाहिलं, पुन्हा लावलं.

"हा आवाज थकलेला आहे," ती म्हणाली.

"हो."

"पहिला कुठाय?"

"पुसला."

शेवटी ती म्हणाली, "हाच राहू दे." रागानं म्हणाली की मनापासून, ते सुलेला अजून कळलेलं नाही. सिनेमा लागला. तिचा फोन पुन्हा आला नाही, आणि तो वाट बघायचं सोडत नाही.

परवा आम्ही मावशीला थिएटरची तिकिटं द्यायला गेलो. दाराआडून तो पातळ आवाज येत होता, फोनमधला. आणि त्याच्या खाली, त्याला सांभाळून घेत, दुसरा एक जाड, जुना आवाज. मावशी गात होती.

सुलेचा हात सवयीनं खिशात गेला. मग रिकामाच बाहेर आला. बेल न वाजवता आम्ही पायरीवर बसून राहिलो.