पोचल्याची हिरवी खूण

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी दूध कंपनीचं कार्यालय आहे. पूर्णिमा घाडी तिथं बारा वर्षं फोनवर बसायची. खानापूरच्या रानाकडल्या गावांपासून निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यापर्यंत कंपनीच्या त्रेचाळीस डेअऱ्या. सकाळचं दूध घालून झालं की ती एकेका डेअरीला फोन लावायची. किती लिटर आलं, फॅट किती लागली, टाकीतलं दूध किती डिग्रीवर आहे, हे लिहून घ्यायची. आणि आदल्या दिवशीचं काय झालं ते वाचून दाखवायची: कुणाचा कॅन परत आला, कुणाची फॅट उतरली.

काम आकड्यांचं, पण आकडे काही एकटे येत नसत. निपाणीकडचे मारुतीराव आधी गुडघ्याचं सांगत, मग लिटर. एका डेअरीचा मष्णू रोज म्हणायचा, “अक्का, आज घाईत हाय,” आणि मग दहा मिनिटं बोलायचा. नंदगडच्या पलीकडं एका लहान गावात रुक्माबाई डेअरी चालवायची. नवरा गेल्यावर तिनं ती हातात घेतली, त्याला पंधरा वर्षं झाली. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “जेवलीस काय, गं?” सकाळी साडेआठलाही हाच प्रश्न.

पूर्णिमाला हे सगळं हवंसं वाटे, याला कारण होतं. आई लहानपणीच गेलेली. भाऊ सौरव बंगळूरला नोकरीला, तिथलाच झालेला. वडील, म्हणजे आप्पा, अंथरुणाला खिळले ते सहा वर्षं. तिनंच त्यांचं सगळं केलं. दोनदा लग्नाचं बोलणं आलं. “आप्पा माझ्यासंगं येणार,” एवढंच तिनं सांगितलं आणि दोन्ही वेळा पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. आप्पांनाही जाऊन आता दोन वर्षं झाली होती. अडतीस वर्षांची पूर्णिमा मच्छेतल्या दोन खोल्यांत एकटी राहायची. रविवारी कधीकधी संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. मग दुकानात गेल्यावर बोलायच्या आधी घसा खाकरावा लागे.

दिवाळीनंतर कंपनीनं नवी यंत्रणा आणली. प्रत्येक टाकीला तापमान मोजणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र, फॅटच्या मशीनला वायर, आणि सगळे आकडे आपोआप मच्छेला. अहवालही आपोआप तयार होणार आणि आपोआपच पाठवले जाणार. हे बसवायला माधवी मॅडम आल्या होत्या, पूर्णिमाहून दहा वर्षांनी लहान, हुशार आणि बोलायला मऊ.

“पूर्णिमाताई, अहवाल मशीन बनवेल,” त्या म्हणाल्या. “पण कुठला अहवाल, कुणाला, किती वाजता आणि कुठल्या वाटेनं, हे माणसानंच सांगायला लागतं. तुमच्याइतकं या लोकांना ओळखणारं इथं कोणी नाही.”

पूर्णिमा पंधरा दिवसांत ते शिकली. संचालकांना ईमेल, सकाळी नऊला. सुपरवायझरांना व्हॉट्सअ‍ॅप. डेअरीवाल्यांना कुणाला व्हॉट्सअ‍ॅप, कुणाला साधा मेसेज. टाकीतलं दूध सहा डिग्रीच्या वर गेलं, तर ताबडतोब त्या डेअरीला इशारा. भाषा निवडायची सोयही होती. तिनं प्रत्येकाला फोन करून विचारलं. कुणी मराठी म्हणालं, कुणी कानडी. मारुतीराव म्हणाले, “आकडं कानडीत, बाकी मराठीत धाड.” तसं होत नाही म्हटल्यावर ते दोन दिवस रुसले.

ते तिचे शेवटचे फोन, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. यादी भरायच्या नादात ती होती. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी ती नेहमीप्रमाणं आठला येऊन बसली, वही उघडली, आणि लिहायला काही नव्हतं. साडेआठला पडद्यावर त्रेचाळीस ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीपुढं हिरवी खूण उमटत गेली. पोचला. पोचला. पोचला. नऊला सगळं संपलं. माधवी मॅडमनी पाठ थोपटली आणि त्या दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात गेल्या. आता त्या व्हिडिओवरच भेटत.

पूर्णिमाचं काम उरलं ते खुणा बघायचं, निरोप पोचला की नाही एवढंच; आतले आकडे आता तिच्यापुढं येत नसत. एखादी लाल झाली, तर कारण शोधायचं. बहुतेक दिवशी सगळ्या हिरव्याच असत. दुपारच्या डब्यालाही ती एकटीच. हिशेबाच्या खोलीतल्या बायका आपापल्या घोळक्यात बसायच्या आणि बारा वर्षं फोनवर बोलत जेवलेल्या माणसाला आता त्या घोळक्यात शिरता येईना.

एप्रिलमधल्या एका दुपारी रुक्माबाईच्या गावात लाईट गेली. आपोआप सुरू होणारा जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. रुक्माबाई घरी भाकऱ्या थापत होती, डेअरीला कुलूप. सव्वादोनला टाकी सात डिग्रीवर गेली, पावणेतीनला दहावर, सव्वातीनला तेरावर. तिन्ही वेळा इशारा गेला आणि तिन्ही वेळा हिरवी खूण उमटली. संध्याकाळी रुक्माबाईनं झाकण उघडलं तेव्हा वासावरूनच कळलं. सहाशे चाळीस लिटर दूध डेअरीमागच्या चरात ओतलं.

दोन दिवसांत सुपरवायझरचा शेरा आला. तीनदा सूचना मिळूनही दखल घेतली नाही, ही डेअरी बंद करून गावचं दूध शेजारच्या गावाला जोडावं.

पूर्णिमानं ती ओळ उघडली. खुणेशेजारी नंबर होता. तो रुक्माबाईचा नव्हता. तिच्याकडं बटणांचा फोन आणि वाचायचं म्हणाल तर आकड्यांपुरतं. यादी भरताना पूर्णिमानं विचारलं होतं, “अक्का, घरात मोठा फोन कुणाकडं हाय?” आणि तिनं आपल्या मुलाचा, ओमकारचा, नंबर दिला होता. ओमकार संक्रांतीनंतर गोव्याला एका कारखान्यात लागला. तिथं पाळीवर जाताना फोन कपाटात ठेवावा लागतो.

ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नसती. कागदावर सगळं बरोबर होतं. सूचना गेली होती, पोचली होती, हिरवी होती.

रविवारी पूर्णिमा नंदगडच्या बसमध्ये बसली. तिथून पुढं टेम्पो. बारा वर्षं रोज बोललेल्या बाईला ती पहिल्यांदाच बघत होती. रुक्माबाई आवाजावरून वाटायची त्याहून पुष्कळच बारीक होती.

“अक्का, मी पूर्णिमा. मच्छेची.”

रुक्माबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “फोनवाली? बस की. जेवलीस काय?”

भाकरी आणि वरण्याच्या दाण्यांची आमटी वाढून रुक्माबाई समोर बसली. पूर्णिमानं भाकरी तशीच ठेवली. तिनं सगळं सांगितलं. नंबर तिनंच घातला, ओमकार गोव्याला गेल्याचं तिला माहीत नव्हतं, चूक तिची.

रुक्माबाईनं तिच्या ताटात आणखी आमटी वाढली. मग म्हणाली, “तू फोन करत हुतीस तवा मी हातातलं टाकून पळत येत हुतो. आता कोण करतंय? मला वाटलं तुझी बदली झाली. कुणाला इचारायचं, त्ये बी कळंना.”

“मी तिथंच हुतो, अक्का.”

“मग एकदा तरी लावायचा की गं.”

फोन लावायला पूर्णिमाला कुणी मनाई केली नव्हती. पण विचारायला काही उरलं नव्हतं, आणि काही विचारायचं नसताना कुणाला फोन कसा लावायचा, हे तिला कधी जमलंच नव्हतं.

सोमवारी तिनं माधवी मॅडमना लिहून पाठवलं. डेअरीची चूक नाही, नंबर मी चुकीच्या माणसाचा घातला, पोचल्याची खूण खरी आहे पण निरोप त्या बाईपर्यंत पोचलेला नाही. उत्तर म्हणून तिला लेखी ताकीद मिळाली, ती तिच्या फायलीला लागली. डेअरी मात्र वाचली. तीन दिवसांनी माधवी मॅडमचा फोन आला.

“ताई, अशा आणखी किती डेअऱ्या असतील?”

“एकोणीस,” पूर्णिमा म्हणाली. तिनं तोवर मोजल्या होत्या. “बटणांचा फोन किंवा वाचता न येणारं माणूस.”

“मग त्यांना वाट कुठली?”

“फोनचीच. मशीननं फोन लावावा आणि बोलून सांगावं.”

तशी सोय यंत्रणेत होती, पण तिच्यातला तयार आवाज शहरी आणि पुस्तकी होता. रुक्माबाईला तो ऐकवला, तर ती “राँग नंबर” म्हणून ठेवून देईल, हे पूर्णिमाला ठाऊक होतं. शेवटी ठरलं, आवाज पूर्णिमाचाच.

एका शनिवारी जुन्या फायलींच्या खोलीत, पंखा बंद करून, ती घाम पुसत बसली आणि आकडे बोलत गेली. मराठीत शून्यापासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं रूप वेगळं, एकही जोडून बनवता येत नाही. एकोणऐंशी, एकोणनव्वद, सगळे सुटे बोलावे लागले. मग तेच कानडीत. मग लिटर, डिग्री, फॅट. मग “टाकी गरम व्हायलीय, लगेच बघा.” शेवटी एकेकाचं नाव. “रुक्माक्का, पूर्णिमा बोलतेय.” “मारुतीअण्णा, पूर्णिमा बोलतेय.” मारुतीरावांकडं मोठा फोन होता, पण मेसेज नको, आवाजच पाठव, असं त्यांनी कळवलं होतं. हळूहळू बाकीच्यांनीही तेच मागितलं आणि पावसाळा लागता लागता त्रेचाळीसही डेअऱ्यांना रोज सकाळी साडेआठला पूर्णिमाचा आवाज जाऊ लागला.

बोलणं चाळीस सेकंदांचं. कुणी किती वेळ ऐकलं ते पडद्यावर दिसे. मष्णू पंचवीस सेकंदांत ठेवून द्यायचा. रुक्माबाईचा फोन दोन-दोन मिनिटं चालू असे. आवाज संपल्यावरही ती लगेच ठेवत नसे. पलीकडून ती काही बोलत असेल, तर ते मच्छेपर्यंत यायची सोय नव्हती.

सप्टेंबरात पूर्णिमाला ताप भरला. पहिल्या दिवशी तिनं मोबाइलवरून रजेचा अर्ज टाकला आणि मिनिटभरात ‘रजा मंजूर’ असा मेसेज आला. घरमालक लेकीकडं गेले होते. दुसऱ्या दिवशी तिला उठवेना. तांब्यातलं पाणी संपलं आणि स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून जायला तिला बराच वेळ लागला. साडेआठ वाजलेले तिला अंथरुणातून कळले. आत्ता आपण रुक्माक्काशी बोलतोय, तिच्या मनात आलं. खणखणीत आवाजात. बंगळूरहून सौरवचं रोजचं फुलांचं ‘शुभ सकाळ’ आलं, तिनं हात जोडल्याची खूण पाठवली, आणि तेवढ्यावर तिकडं सगळं ठीक झालं.

चार दिवस कुणाचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी ती खुर्चीवर येऊन बसली, तेव्हा पडद्यावर गेल्या चार दिवसांच्या ओळी होत्या. एकही लाल नाही. ती नसताना काही म्हणजे काही अडलं नव्हतं. हे बघून तिला बरं वाटायला हवं होतं, काम तिनंच तर चोख केलं होतं. ती उठून बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिली.

परत आल्यावर तिनं फोन उचलला आणि रुक्माबाईला लावला. आपल्या बोटांनी, एकेक आकडा दाबून.

“हॅलो,” रुक्माबाई म्हणाली आणि गप्प झाली.

काय विचारायचं ते पूर्णिमानं ठरवलंच नव्हतं.

“बोल की,” रुक्माबाई म्हणाली. “किती डिग्री?”

“अक्का, मी हाय. पूर्णिमा.”

“व्हय. ते रोजच सांगतीस. फुडं बोल.”

“मशीन न्हाय, अक्का. मी सोता बोलायलोय.”

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “खरं?”

“खरं.”

“दूध नासलं काय कुठं?”

“न्हाय. असाच लावला. मी आजारी हुतो. चार दिस.”

“अगं, काय सांगतीस. रोज सकाळी तर किती चांगली बोलत हुतीस.” मग रुक्माबाईनं बारीकसारीक विचारलं. उशाशी कोण होतं, डॉक्टरकडं कोण घेऊन गेलं, पेज कुणी करून दिली. प्रत्येक वेळी पूर्णिमा “कोण न्हाय” म्हणाली आणि तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडू आलं. रुक्माबाईनं ते ऐकून घेतलं. तेवढ्यात तिच्या दारात दुधाची गाडी आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. “ठेवू नगंस, आलो,” म्हणून ती गेली. पूर्णिमा फोन कानाला धरून बसून राहिली. कॅनांचा खडखडाट, कुणाचं तरी हसणं, लांबून म्हशीचं ओरडणं ऐकू येत होतं. सात-आठ मिनिटांनी लाईन आपोआप तुटली.

त्यानंतर पूर्णिमा रोज एका डेअरीला आपल्या हातानं फोन लावते. त्रेचाळीस डेअऱ्या, म्हणजे प्रत्येकाची पाळी दीड महिन्यानं येते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही, यंत्रणेत त्याला रकाना नाही. माधवी मॅडमना फोनच्या नोंदीत ते दिसत असणार, पण त्यांनी कधी विचारलेलं नाही. मारुतीराव गुडघ्याचं सांगतात. मष्णू घाईत असतो. पुष्कळ जण पलीकडून पूर्णिमाचा आवाज ऐकतात, सकाळचा अहवाल पुन्हा आलाय असं समजून फोन ठेवून देतात, आणि ती परत लावते.