विरजण तेवढं जुनं

सुरतेत पांडेसऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती माझ्यापुढे उभी होती. लेकरू घ्यावं तसा सीपीयू तिने कडेवर घेतला होता. घरी साड्यांची एम्ब्रॉयडरी डिझाइनं करते म्हणाली.

दुकानदाराने विचारलं, "बेन, जुन्यावरच अपग्रेड करू, की सगळं पुसून फुल व्हर्जन टाकू? अपग्रेडमध्ये तुमचं सगळं राहील, पण जुनी दुखणीही राहतील."

माझंही तेच अडलं होतं. पिशवीत माझ्या वारलेल्या नवऱ्याचा लॅपटॉप होता. रडतखडत चालायचा मेला, पण पुसायचं दर वेळी पुढे ढकलत आले होते.

तिने पदराची गाठ सोडून पेनड्राइव्ह काढला. "भाई, खानदेशातून इकडं आलो तेव्हा भांडी सगळी नवी घेतली. विरजण तेवढं सासूबाईंनी गावाकडचं दिलं. अजून त्याचंच दही लागतं घरात. माझी डिझाइनं यात काढा आणि बाकी सगळं पुसा."

डिझाइनं काढून झाल्यावर पेनड्राइव्ह पुन्हा पदराच्या गाठीत बांधून, सीपीयू दुकानातच ठेवून ती निघून गेली. नाव विचारायचं राहिलंच.

मी लॅपटॉप पुढे केला. "यांचे फोटो आधी काढून घ्या. मग फुलच टाका."

नवी सिस्टीम सुरू झाली. पडद्यावर वापरणाऱ्याचं नाव विचारणारा चौकोन आला.

मी माझं लिहिलं.