खारं पाणी कुठवर येतं

गेल्या पौषात कोकणातल्या एका घराच्या अंगणात मला घरमालकांनी विचारलं, "हे तुमचे ड्रायव्हर ना?" आणि मी "हो" म्हणालो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ज्याच्याबद्दल त्यांनी विचारलं तो दिलवर माझा सव्वीस वर्षांपासूनचा मित्र होता, माझ्यासारखाच शिक्षक होता. चैत्रात तो गेला. सकाळी शाळेला निघायच्या गडबडीत त्याच्या मुलीचा, रविताचा, फोन आला. "सर, बाबा गेले. शेतातून आले, खाटेवर बसले, पाणी मागितलं... मी तांब्या घेऊन आले तोवर..." बायको विचारत होती, "काय व्हयनं? बोलत का नई?" मी म्हणालो, "दिलवर गया." आणि पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता. आता ते त्याला कधीच सांगावं लागणार नाही, असा होता. हेही आजच लिहितो आहे.

नोकरीची पहिली वर्षं मी धडगावकडच्या एका शाळेत काढली. मी कळसाडीचा, सपाटीवरचा, ऊस-कापसाच्या घरातला. पहाडातलं मला काही ठाऊक नव्हतं. दिलवर तिथलाच, पहाडातला आदिवासी. विज्ञान शिकवायचा. शिक्षक होण्याआधी दोन वर्षं त्याने घाटात प्रवासी जीप चालवली होती, त्यामुळे वळणांची त्याला भीती नव्हती. माझे मात्र घाटात स्टिअरिंगवर हात घामेजतात. त्याच्या वडिलांचा एक दंडक होता : झाड चार ऋतूंत चारदा बघितल्याशिवाय ते ओळखतो म्हणायचं नाही. एकदा बघितलेलं झाड म्हणजे बाजारात भेटलेला माणूस. दिलवर मुलांना शिवारातल्या एकेका मोहाच्या झाडाखाली वर्षातून चारदा नेऊन उभं करायचा. पाचव्यांदा विचारायचा, "आता सांगा, हा कोण?" मुलं झाडाचं नाव सांगत नसत, ते कधी पान टाकतं, फुलं कुठल्या फांदीला आधी येतात, ते सांगत. आम्ही एका वयाचे, एका पगाराचे. तो मला शेवटपर्यंत "सर" म्हणाला आणि मी त्याला "दिलवर". यात काही वावगं आहे, हे मला तेव्हा वाटलं नाही.

त्याचं जन्मगाव नर्मदेकाठचं. धरणाच्या फुगवट्याखाली गेलं. त्याबद्दल तो फारसा बोलत नसे. शाळेच्या सहलीत एकदा कोकणातल्या एका खाडीच्या मुखाशी आम्ही अर्धा दिवस थांबलो होतो. दोन्हीकडे डोंगर, मधून नदी, आणि भरतीचं पाणी नदीत उलटं शिरत होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या खोऱ्यात पाणी आलं ते गेलंच नाही. इथं येतं आणि परत जातं. हे मला चारदा बघायचंय." तिथून आमचा बेत सुरू झाला. वर्षानुवर्षं नुसता बोलण्यातच होता. गेल्या वर्षी मात्र त्याने दोनशे पानी वही आणली, चार ऋतूंची चार पानं आखली आणि म्हणाला, "आता पन्नाशी उलटली सर. झाडं थांबतील, आपण नाही."

प्रत्येक पानावर त्याने त्या नदीची एक वाकडी रेघ काढली होती. काठची झाडं कुठे, पक्षी कुठे बसतात, लोक जाळी कुठे लावतात, ते सगळं त्या रेघेभोवती भरायचं. आणि एक फुली : भरतीच्या वेळी खारं पाणी खोऱ्यात कुठवर चढतं तिथे. ते शोधायची त्याची रीत म्हणजे काठाने चालत जायचं, ठिकठिकाणी पाण्यात बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. भाद्रपदात गेलो तेव्हा लाल पाण्याचा लोंढा थेट मुखापर्यंत गोड होता. कार्तिकात भातं कापली गेली होती, आणि खारं पाणी पहिल्या वळणापर्यंत आलेलं. कळसाडीला घरी परतल्यावर बायको त्याला म्हणाली, "एकदाव दखा ना समुद्र, मंग आखो काय दखाले जातस? तो काय कपडा बदली ऱ्हायना का?" दिलवर हसला. "बदलतो वहिनी. म्हणून तर जातो." त्याचा चहा तेव्हा ओट्यावर आला होता, आणि आईने वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात आला होता. तो पेला कुठला ते मला माहीत होतं. त्यालाही माहीत असणार.

पहिल्या दोन वेळी आम्ही तिथल्या देवळाच्या भक्तनिवासात उतरलो होतो. पौषात माझा हट्ट की या वेळी घरगुती जेवण असलेली चांगली जागा बघू. दोन दिवसांचा प्रवास, गाडी सगळा वेळ त्यानेच चालवलेली. दुपारी पोहोचलो. घरमालक काका भले गृहस्थ होते, हात जोडून पुढे आले. दिलवर दहा पावलांवर डिकीतून पिशव्या काढत होता. "हे तुमचे ड्रायव्हर ना? त्यांचं पान मागच्या पडवीत मांडतो." मी "हो" म्हणालो. विचार करून म्हणालो असं नाही. थकलो होतो, समजावत बसायचा कंटाळा आला, गाडी खरंच तो चालवत होता... ही सगळी कारणं मी नंतर रचली. खरं एवढंच, की ते "हो" माझ्या तोंडात आधीपासून तयार होतं. कळसाडीच्या ओट्यावर ते मी सव्वीस वर्षं न बोलता म्हणत आलो होतो. मी माजघरात जेवलो. सोलकढी छान होती. मी दोनदा भात घेतला.

तासाभराने तो नदीवरून आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "सर, साकवापर्यंत खारट आहे!" साकव म्हणजे चालत ओलांडायचा छोटा पूल, दुसऱ्या वळणाच्याही वर. चेहरा नेहमीसारखाच. तीन दिवस तो पडवीत झोपला, आणि दिवसभर मला चिखलावर उतरलेले कुरव पक्षी दाखवत राहिला, आंब्याचा मोहोर दाखवत राहिला. माझं "हो" त्याने ऐकलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

फाल्गुनात त्याचा फोन आला, वैशाखाचं ठरवायला. नदी आटलेली असते तेव्हा खारं पाणी सगळ्यात वर चढतं. त्याला तीच फुली हवी होती. माझी मात्र त्याच्याबरोबर परत त्या खोऱ्यात उतरायची छाती होईना. मी म्हणालो, "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे रे." दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, आणि दोन्ही वेळा गाडी त्यानेच नेली होती. बोलून गेल्यावर मला आठवलं. त्याने विचारलं, "राहिलंय का काही डोळ्याचं?" मी पुन्हा "हो" म्हणालो. "मग आधी आई, सर. वैशाख काय, दरवर्षी येतो."

दिवसकार्य झाल्यावर मी धडगावला गेलो. रविताने वही हातात दिली. "बाबा म्हणायचे, ही सरांची अन् माझी." मग विचारलं, "आजीचा डोळा कसा आहे? बाबा म्हणत होते, ऑपरेशन झालं की बघून येऊ." मी "बरी आहे" म्हणालो आणि परतीच्या प्रवासी जीपमध्ये जाऊन बसलो. रविता, तू पेपरची ही पुरवणी वाचतेस, म्हणून इथेच सांगतो. ऑपरेशन नव्हतंच.

घाट उतरताना वही उघडली. चौथं पान त्याने आधीच आखून ठेवलं होतं. वर माघ महिन्यातली तारीख, म्हणजे माझ्या थापेच्याही आधीची. कोकमं, करवंदं, आटलेले झरे, कुठल्या दिवशी भरती किती वाजता, सगळं त्याच्या शाळेतल्या अक्षरात. खाली राहण्याची सोय लिहिली होती : "भक्तनिवास. त्या घरी नको. सरांना अवघड होईल."

तीन वेळा वाचलं. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाही का गुरुजी?" मी वही मिटली. त्याने ऐकलं होतं. ऐकून साकवापर्यंत चालत गेला होता, आणि परत येऊन मला पाण्याची चव सांगितली होती.

वैशाख निम्मा झाला आहे. वही टेबलावर उघडी आहे. तीन पानांवर फुल्या आहेत, चौथ्यावरची रेघ अजून फुलीविना. घाटात मला गाडी चालवता येत नाही, एसटीने जावं लागेल. दिलवरचं दोन गोष्टींचं देणं माझ्याकडे आहे. चौथ्या पानावरची फुली, बोट बुडवून, चव घेऊन काढलेली. आणि त्या अंगणात उभं राहून काकांना सांगणं, की पौषात तुमच्या पडवीत जेवला तो माझा ड्रायव्हर नव्हता, माझा मित्र होता, दिलवर सर. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.