मामाची कॅसेट

टीका ज्याच्या खाल्ल्या अन्नासारखी अंगी लागते असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचा सौसरचा मामा. दिवसा तो नगरपालिकेच्या पंपावर असे आणि उरलेल्या वेळात गाणी करी. त्यांना गाणी म्हणायचं, एवढंच. चाल नाही, पेटी नाही, नुसती ढोलकी आणि तिच्यावर यमकांची अशी घोडदौड की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. नागपूरला एका ओळखीच्याकडे त्यानं कॅसेट भरून आणली. दुकानात ती कधीच आली नाही. एकाची दुसरा भरून घेई, अशी ती लोधीखेडा, मोहगाव करत फिरली.

मामा तिच्या मागोमाग सायकलवर अभिप्राय गोळा करत हिंडे. कोणी ‘छान’ म्हटलं की त्याचा चेहरा पडे. "यानं आयकलीच नाही," तो म्हणे. सावरगावकरांना कॅसेट आवडली, त्यामुळे नदीच्या अलीकडे, दरवर्षी त्यांच्याशी दगडफेकीचा सामना खेळणाऱ्या पांढुर्ण्यात ती नापसंत होणं ओघानंच आलं. तिथल्या एका गुरुजींनी विचारलं, "हा गाऊन राहिला का भांडून राहिला?" मामानं हे वाक्य आम्हाला इतक्या अभिमानानं सांगितलं की मामीला वाटलं, सत्कार ठरला.

फक्त एका माणसाचा अभिप्राय मिळत नव्हता: त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. आबाजी वस्तीतले जुने भजनी. जन्म दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत राबण्यात गेलेला. कॅसेट लागली की ते उठून बाहेर जात. "मले शब्दच सापडत नाहीत बापा," एवढंच म्हणत. टीका पचवणारा मामा त्या दिवशी मात्र जेवत नसे.

चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत भोंगा लागला. उन्हाळ्याचे दिवस, बागांतल्या पाण्याच्या सगळ्या मोटारी सुरू, त्यामुळे व्होल्टेज पार खाली. मामाची कॅसेट लागली आणि त्याचा आवाज म्हशीसारखा जड होऊन रांगू लागला. लोकांना वाटलं, नवी तऱ्हा आहे. काहींनी वन्स मोर दिला. मामा तोंड लपवायला जागा शोधत होता. आबाजी मात्र जागचे हलले नाहीत. भोंग्यातून एकेक शब्द सुटा होऊन येत होता:

‘बाग फुलवला माह्या बापानं, संत्रं चाखलं कोणी?
तहान लागली माह्या बापाले, वरून ओतलं पाणी.’

"हे माह्यं होय," आबाजी शेजाऱ्याला म्हणाले. "पोरानं माह्यं सांगतलं."

तेवढ्यात वीज सुधारली आणि गाणं पुन्हा चौखूर उधळलं. आबाजींनी मामाला हाक मारली. "अबे, लाईट कमी कर न थोडी!"

नगरपालिकेच्या माणसाच्या हातात तेवढंही नव्हतं. मामानं टेप बंद केला, वडिलांजवळ मांडी घातली आणि ढोलकीशिवाय, हळूहळू ते कडवं म्हटलं. आबाजींनी पुन्हा म्हणायला लावलं. कसं झालं, हे मामानं त्यांना विचारलंच नाही.

आता दोघंही नाहीत. माझ्याकडची कॅसेट कधीच विरली. पण ते कडवं मला मामाच्या त्या संथ आवाजातच आठवतं, आणि मग मामाची फार आठवण येते.