इमानटेकडीवरची जमनी

घाटंजीत नसरीनचाचीकडे शिवायला काय येत नाही? ब्लाउज, शाळेचे गणवेश, लग्नाच्या शेरवानीची उसवलेली बाही, कापसाच्या गाडीवर टाकायची ताडपत्री. सुई आत गेली की ती बाकी काही विचारत नाही. पण त्या हिवाळ्यात यवतमाळहून दीपा नावाची कॉलेजातली मुलगी आली, तिने नारिंगी-पांढऱ्या कापडाचे कंदिलासारखे तिकोनी झेंडे शिवून मागितले, तेव्हा मात्र चाचीने मशीन थांबवली.

"हे कोणत्या पार्टीचे वो?"

पार्टीचे नव्हते. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात शिरायचं, जागोजागी टांगलेले झेंडे शोधायचे, प्रत्येक झेंड्याला बांधलेल्या चिमटीने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि पुढच्याकडे पळायचं. ओरिएंटिअरिंग म्हणतात या खेळाला. दीपाच्या क्लबने शनिवार-रविवार दोन दिवस तो ठेवला होता, घाटंजीच्या पलीकडच्या जंगलात.

"म्हणजे रस्ता असताना रस्ता सोडून जायचं," चाची म्हणाली. "बकऱ्यांचा खेळ हाय हा."

दीपा मनापासून हसली. मग कौतुकाने म्हणाली, "एक झेंडा इमानटेकडीवर आहे, चाची. तिथं आम्ही स्मारक बांधतोय. विमान पडून गेलेल्या दोन्ही वैमानिकांचं. रविवारी उद्घाटन."

"आन जमनीचं?"

"कोण जमनी?"

चाचीने त्या पोरीकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर खोट नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

जमनी आत्राम टेकडीखालच्या कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची. नसरीनच्या अब्बांच्या बकऱ्या ती राखायची. दोघी एका वयाच्या. सुट्टी पडली की नसरीन डबा घेऊन टेकडीवर जायची. जमनी तिच्या डब्यातली शेवई खायची, तिला तेंदूची पिकली फळं, टेंभरं, खाऊ घालायची आणि तिच्या पट्ट्याच्या चपलांची यथेच्छ टिंगल करायची. एका दुपारी शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान घरघरत आलं आणि टेकडीच्या माथ्यावर आदळलं. वैमानिक गेला, जमनी गेली. पेपरात वैमानिकाचं नाव आलं, फोटो आला. पुढे एका ओळीत 'काही जनावरेही दगावली' असं होतं. जमनी त्या ओळीतही नव्हती. बऱ्याच वर्षांनी त्याच माथ्यावर आणखी एक शिकाऊ विमान पडलं. त्यातला पोरगा एकटाच होता, तोही गेला.

पोडावरची रीत अशी की माणूस अवेळी जिथे गेला, तिथून रिकाम्या हाताने पुढे जायचं नाही. एक दगड ठेवायचा. मेलेला कोणाचा कोण, हे विचारायचं नाही. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायांनी, गुराख्यांनी, तेंदूपत्त्याच्या दिवसांत येणाऱ्या मजुरांनी ठेवलेल्या दगडांचा तिथे माणसाहून उंच ढीग झाला होता. त्याच्यावर कोणाचं नाव नव्हतं आणि सगळ्यांना तिन्ही माणसं ठाऊक होती. नसरीनही लग्नानंतर, दोन बाळंतपणं झाल्यावर, नवरा गेल्यावर, जमेल तेव्हा जायची. दगड ठेवायची, ओठातल्या ओठात फातिहा म्हणायची, उतरायची.

तिने झेंडे वेळेवर शिवून दिले. दीपाला बजावलंही, की स्मारकावर तीन नावं घाला. "सरांना सांगते," दीपा म्हणाली.

शनिवारी सकाळी चाची टेकडी चढली. बरोबर जमनीचा धाकटा भाऊ उकंडा होता, आता तोही म्हातारा झालेला. माथ्यावर पोचले आणि दोघंही थांबले.

ढीग नव्हता. त्या जागी सिमेंटचा गुळगुळीत ओटा होता, त्यावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी, पाटीवर फुलाफुलांचं कापड. बाजूच्या काठीला चाचीने शिवलेला झेंडा लटकत होता. सगळे दगड खालच्या नाल्यात ढकललेले दिसत होते. ठेकेदाराच्या माणसांना तो रस्त्याच्या कामाचा मलबा वाटला होता.

चाचीने कापड वर केलं. दोन नावं. तिने कापड खाली सोडलं.

"जाऊ दे, बाई," उकंडा म्हणाला. "मोठ्या लोकांचं काम हाय."

"तुही बहीण होती का न्हाई?"

"होती ना."

"मंग मोठ्या लोकांचं काहून?"

तिने झेंड्याची चिमटी सोडवली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि ओट्यावर पाय सोडून बसली.

पहिल्या आल्या नागपूरच्या दोन मुली, धापा टाकत, गुडघ्यापर्यंत कुसळं भरलेली. "आंटी, भोक पाडायचा पंच कुठे आहे?"

"माह्याजवळ. आधी नाल्यातून एक एक दगड आना. इथं ठेवा. मंग भोक."

"हा टास्क आहे का?"

"हाच तर हाय."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, उतरल्या, दगड घेऊन आल्या. एकीने विचारलं, कोणासाठी? चाचीने सांगितलं. दुसरीने घड्याळाकडे पाहायचं थांबवलं आणि आणखी एक दगड आणायला गेली.

मग येतच राहिले. कोणी कुरकुरलं, कोणी हसलं. पुण्याहून आलेला एक गडी, मनगटावर ताटलीएवढं घड्याळ, तो तडकला. "मावशी, मी पहिल्या तिनात आहे. तुमच्यामुळे नंबर जाईल माझा."

"दगड लहान आन. लवकर व्हईल."

"आणि नाही आणला तर?"

"तर बस. सावली हाय."

तो बसला नाही. शिव्या पुटपुटत नाल्यात उतरला आणि, रागाच्या भरात असेल, चांगला मोठा दगड खांद्यावर घेऊन आला. उकंडाला हसू आवरेना. जरा वेळाने म्हातारा स्वतःच नाल्यात उतरून दगड काठावर आणून ठेवू लागला, पोरांचा वेळ वाचावा म्हणून.

दुपारी अतुल आला. क्लबचा प्रमुख, यवतमाळला इंजिनीअर, बोलायला गोड माणूस. आधी त्याने पाणी मागितलं, प्यायला, मग ढिगाकडे पाहिलं. पाटीचा खालचा भाग बुडाला होता.

"चाची, स्पर्धेची वाट लावली तुम्ही."

"आन तुम्ही ढिगाची."

"ते चुकलं. मान्य. पण बघा, सरकारी नोंदीत दोघांचीच नावं आहेत. मी माझ्या मनाने तिसरं कसं टाकू?"

"नोंदीत नाही म्हणून मेली नाही का ते? हा तिचा भाऊ उभा हाय. त्याले इचारा."

अतुल उकंडाकडे वळला. उकंडा मान खाली घालून म्हणाला, "मेली जी. मीच उचलली." एवढंच.

अतुलने गळ्यातला रुमाल काढून कपाळ पुसलं. "बरं. खाली एक ओळ घालू. 'तसेच एक स्थानिक महिला.' उद्याच्या उद्या रंगवून घेतो."

"महिला नोती ते. पोरगी होती. आन नाव होतं तिले."

दीपा केव्हा येऊन उभी राहिली कोणाला कळलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, मी तुम्हाला सांगितलं होतं."

अतुलने तिच्याकडे पाहायचं टाळलं. थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "चाची, असं करू. 'वैमानिकाला वाचवताना जमनी आत्राम हिने प्राण दिले.' पाहुण्यांनाही आवडेल, पेपरवालेही छापतील. मग तिसऱ्या नावावर कोणी बोट ठेवणार नाही."

उकंडाने मान वर केली. भावाला ते आवडलेलं दिसत होतं, आणि कोणाला नाही आवडणार? क्षणभर चाचीलाही वाटलं, घ्यावं पदरात. नाव तर येतंय.

मग तिला टेंभराने रंगलेलं जमनीचं तोंड आठवलं, चपलांना हसणारं.

"न्हाई," ती म्हणाली. "ते कोनाले वाचवाले गेलती नाही. बकऱ्यांमागं बसली होती. वरून इमान पडलं आन मेली. एवढ्यासाठी नाव लागते. कोनाच्या कामी आली म्हणून नाही."

"चाची, थोडं समजून..."

"मी समजली. तुम्ही समजा. खोटं लिहिलं तर मी सोता छन्नी घेऊन येईन."

अतुल खाली गेला. संध्याकाळपर्यंत राहिलेले खेळाडू आले, दगड ठेवून गेले. चाचीने शेवटच्या कार्डाला भोक पाडलं, चिमटी दीपाच्या हातात दिली आणि उतरली.

रविवारी ती पुन्हा चढली. गुडघे दुखत होते. पोडावरच्या बायांनी हात दिला. वर खुर्च्या मांडल्या होत्या, माइक होता. पाहुणे म्हणून पहिल्या वैमानिकाचे थोरले भाऊ आले होते, काठी टेकत. पाटी ढिगात पुरती दिसेनाशी झाली होती. अतुलने खेळाडूंना हाक दिली, चला रे, हे दगड जरा बाजूला घ्या. कोणी हललं नाही. पुण्याचा तो घड्याळवालाही नाही. तो म्हणाला, "सर, एक तर मी वाहिलाय. मी नाही काढणार."

पाहुण्यांनी विचारलं, काय प्रकार आहे. अतुल सांगू लागला, अडखळला. चाची खुर्च्यांच्या मधून पुढे गेली. तिने सांगितलं: तुमचा भाऊ इथं गेला, त्याच घडीले जमनीबी गेली, तिच्या वाट्याचा दगड तुमच्या भावाच्या वाट्याच्या दगडात मिसळलेला हाय, आमाले निवडता येत नाही. पाटीवर मात्र निवडलं.

ते म्हातारे गृहस्थ काठीवर रेलून ढिगाकडे पाहू लागले. त्यांचा चेहरा मऊ झाला असं काही नाही. त्यांना ते जड गेलेलं दिसत होतं. इतकी वर्षं त्या दुपारी फक्त आपलाच माणूस गेला, असं ते धरून चालले होते. शेवटी त्यांनी अतुलला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"कालपासून, सर," अतुल दीपाकडे न पाहता म्हणाला.

"मग मला आज कशाचं उद्घाटन करायला आणलंत?"

माइक तसाच बंद राहिला. पोहे-चहा मात्र झाला, आणलेला वाया कशाला घालवायचा. दगड ओट्यावरच राहिले. पोरं खाली उतरायला लागली तेव्हा अतुल चाचीजवळ आला. राग होता, तो त्याने लपवला नाही. "नवी पाटी करतो. जमनी आत्राम. बस?"

"तिन्ही नावं एका ओळीत. अक्षरं एका मापाची."

"आणि हा ढीग?"

"तो ऱ्हाईल. पाटी त्याच्या बाजूले लावा. पुढं नाही."

अतुलने मान हलवली, होकाराची की वैतागाची ते त्यालाच माहीत. चाचीने ओढणी सारखी केली, उकंडाला म्हणाली, "चाल, भाऊ. पाटी घडवताना आपुन तिथं उभं ऱ्हायचं. मी तारीख इचारून ठेवते." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिने अतुलला तारीख विचारली.