दम खा

बायको गेल्यावर मी जास्त पळायला लागलो. लोकांना वाटलं, म्हातारा हिमतीचा आहे. हिंमत कसली डोंबलाची! घरात बसवत नव्हतं, म्हणून पळत होतो.

शाळा माझी चौथीपर्यंत. आनंदनगरच्या कारखान्यात हेल्पर लागलो आणि हेल्परच रिटायर झालो. पळायची सवय मात्र जुनी. चिखलोलीला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी पळायला गेलो की ही गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाट बघायची. जिना चढून धापा टाकत वर आलो की म्हणायची, "दम खा. आधी दम खा, मग पाणी." बाकी काही नाही. पळणं चांगलं की वाईट, ते तिने कधी काढलं नाही.

ती गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि मी सुटलोच. सकाळी बदलापूरच्या बाजूला जाऊन यायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. थकलो की पडल्या पडल्या झोप लागायची. मग तीही लागेना. जेवण जाईना. नडगी अशी दुखायची की सकाळी पाय टेकवत नव्हता. ज्या चढावर पूर्वी गप्पा मारत जायचो, तिथे दगडावर बसायला लागलो.

माझ्याबरोबर एक सिंधी पळतो. उल्हासनगरला त्याचं कापडाचं दुकान आहे. वयाने माझ्याहून लहान, जिभेने मोठा. मला दगडावर बघून थांबला.

"साईं, मरायचंय का?"

"तुझ्या बापाचं काय जातं?"

"माझा जोडीदार जातो ना! ऐक. पळायचं तर बोलत बोलत. बोलता नाही आलं तर स्लो कर. आणि सोमवारी तुला सुट्टी, बिलकुल सुट्टी. पाय पळून नाही बनत, आराम करून बनतात."

"सोमवार नको."

"का? सोमवारी सासरा येतो?"

सोमवारी तिचा उपास असायचा. घरभर साबुदाण्याच्या खिचडीचा वास. पण बाकीचे वार तरी कुठे बरे होते?

हळू पळणं जमलं. बोलायचंच होतं, तर तिच्याशी बोलत गेलो. नळाला पाणी आलं नाही, मेथी जून निघाली, असलंच. नडगी निवायला लागली. सोमवार मात्र जमेना. उजाडलं की बूट चढवून गुपचूप पळून यायचो. सिंध्याने लंगडणं बघून ओळखलं.

"ही नडगी एकदा कामातून गेली ना, तर पळणं कायमचं बंद. मग सातही वार घरात बस!"

ते लागलं.

पुढच्या सोमवारी बूट कॉटखाली सारले. चहा केला. एका माणसाचा चहा मला अजून जमत नाही, तो उरलाच. तिच्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि बसलो. बसल्यावर कळलं, तिथून रस्ता दिसतच नाही. मधे नव्या बिल्डिंगी झाल्यात. दोन भिंतींमधून फटीएवढा दिसतो, विजेच्या खांबापासून पानटपरीपर्यंत. मला वाटायचं, ही मला लांबून येताना बघते. तेवढ्या फटीतून मी किती दिसणार? डोळा मिटला तर गेलोच. त्यासाठी ती अख्खी सकाळ बसायची.

तेवढ्यात फटीतून सिंधी गेला, धापा टाकत. मी वरून ओरडलोच, "अरे, दम खा!"

तो वळून गॅलरीखाली आला. "क्या खाऊँ, साईं?"

"दम! दम खा!"

"बिर्यानी बनाई है क्या?"

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. हसत हसतच मान आत वळवली, हिला सांगायला, बघ हा येडा काय म्हणतोय.

आत कॉट होती. कॉटखाली बूट होते.

बुटांकडे बघत राहिलो. मग मान परत रस्त्याकडे केली आणि तसाच खुर्चीत बसलो.