छाटलेली कड

त्या गल्लीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मोठे ‘बाइंडर’ म्हणत, लहान ‘बाइंडरकाका’. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार, असं चाळीस वर्षं चाललं होतं. कामं दोघांत वाटलेली होती. पानं जुळवून शिवायची ती बायकोने. खळ, पुठ्ठा, कापड आणि कटिंग यांचं. यांनी कधी सुई धरली नाही, आणि कटिंग मशीनच्या दांड्याला तिला हात लावू दिला नाही. शिवलेलं एक पान सुटलं तर तिला घास गोड लागायचा नाही, आणि कड सुताएवढी तिरकी दिसली तर यांना चैन पडायचं नाही. वेड दोघांनाही सारखंच, म्हणून निभावलं.

गेल्या दोन वर्षांत तिच्या डोळ्यांपुढे धुकं साचत गेलं. दोरा ओवायला ती आधी दारात उजेडाला जाऊ लागली, मग शेजारणीला हाक मारू लागली, आणि एक दिवस सुई डबीत ठेवून तिने डबी फळीवर सारली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पार पिकलाय, आता चालढकल नको. सोमवारची तारीख मिळाली. ती हुकली तर पुढची थेट चार महिन्यांनी. ऑपरेशनचे पैसे दोघांच्या खात्यात होते, आणि बँकेने नेमकं तेच खातं अडवून ठेवलं होतं.

कारण काय, तर ग्राहकाची ओळख पटवायची राहिली. या बँकेची रजिस्टरं वीस वर्षं बाइंडरांनी बांधली होती. आता तीच बँक पत्र पाठवून विचारत होती की, तुम्ही तुम्हीच कशावरून?

बाइंडर रागावले नाहीत. चला, कागद दाखवू, म्हणाले. चारचौघांचे कागद पिशवीत असतात. यांचे पुस्तकात होते. जन्मदाखल्यापासून दुकानाच्या परवान्यापर्यंत सगळं एकत्र शिवलेलं, मरून कापडात बांधलेलं आणि तिन्ही बाजूंनी लोण्यासारखं छाटलेलं. बांधताना बायको म्हणाली होती, “अहो, सरकारी कागद आहेत. ह्यांना कटिंग कशाला?”

“कड वेडीवाकडी दिसते,” असं म्हणून यांनी दांडा खाली ओढला होता.

काउंटरवरच्या तरुण मॅडमनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. “वा, सुंदर आहे हो!” त्या म्हणाल्या. बाइंडरांची छाती फुगली. मग मॅडमनी जन्मदाखल्याचं पान उघडलं आणि उजव्या कडेला बोट ठेवलं.

“काका, नोंदणी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे कुठायत?”

बाइंडरांनी चष्मा पुसून पाहिलं. आकडे नव्हते. ते त्या दिवशीच्या कातरणाबरोबर रद्दीत गेले होते. आयुष्यभर ज्या सफाईसाठी लोक नावाजत आले, तिनेच आज तोंडघशी पाडलं होतं.

“नवा दाखला काढून आणा,” मॅडम म्हणाल्या.

जन्मदाखले देणाऱ्या कचेरीत ते दुसऱ्या दिवशी गेले. तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, दीड महिना. अर्ज करायचा तर ओळखीचा पुरावा जोडा. बाइंडरांनी पुस्तक पुढे केलं. तो म्हणाला, यातलं पान फाडून द्या. पुस्तक काखोटीला मारून ते घरी आले. बायकोने विचारलं, “झालं का काम?” ते म्हणाले, “होतंय.” ती भिंत चाचपत पाणी आणायला गेली. चार महिने हे असंच पाहत बसायचं?

शुक्रवारी ते पुन्हा मॅडमपुढे उभे राहिले. “बाई, तीस वर्षांपूर्वी खातं उघडताना तुमच्याच माणसाने हा दाखला पाहून नंबर फॉर्मवर उतरवला होता. ते फॉर्म इथेच आहेत. मीच बांधलेत.”

“पूर्ण नंबर मिळाला, तर मी पडताळून घेते,” म्हणत मॅडम उठल्या आणि बाइंडरांना घेऊन स्वतः रेकॉर्डच्या खोलीत गेल्या.

त्या फॉर्मांचं रजिस्टर धुळीने माखलं होतं, पण एकही पान हललं नव्हतं. बाइंडरांनी अंगठ्याने पानं सरकवत आपला फॉर्म काढला. नंबर डाव्या समासात उभा लिहिलेला होता, आणि त्याचा निम्मा भाग शिवणीत गेला होता. त्यांनी पान ओढून पाहिलं, वाकून पाहिलं, मॅडमनी मोबाइलचा दिवा धरला. काही उपयोग नाही. दाखल्यावरचे आकडे यांनी छाटले होते, फॉर्मवरचे बायकोने शिवून टाकले होते. मॅडमना हसू फुटलं. बाइंडरही हसले, पण तेवढ्यात त्यांची नजर दोऱ्याच्या टोकाशी गेली. तिथे एकावर एक तीन गाठी होत्या. इतर बाइंडरांकडे दोनच मारतात, तिसरी हिची. विचारलं की म्हणायची, “दोन पुरतात. पण मला बरं वाटतं.”

“ब्लेड आहे का?” त्यांनी विचारलं.

“काका, बँकेचं रेकॉर्ड आहे हो ते.”

“एक पान हरवणार नाही. तुम्ही उभ्या राहा इथे.”

मॅडम उभ्या राहिल्या. आयुष्यात बाइंडरांनी गाडीभर कागद कापला असेल, पण तिचा दोरा कधी कापला नव्हता. मॅडमनी दिलेलं ब्लेड त्यांनी गाठीखाली घातलं. मग गाठ तुटली, शिवण ढिली झाली आणि फॉर्म मोकळा झाला. सगळे आकडे होते. मॅडमनी दाखला शेजारी धरून एकेक जुळवला आणि मान हलवली. दुपारपर्यंत खातं चालू झालं.

“आणि हे शिवून कधी देणार?” मॅडमनी सुट्या पानांकडे बोट केलं.

“मी शिवत नाही. शिवणारी घरी आहे. तिचे डोळे होऊ देत.”

दीड महिन्याने दोघं बँकेत आली. रेकॉर्डच्या खोलीत टेबल मांडून दिलं होतं. बायकोने सुई वर धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. बाइंडर उगाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. डोळे भरून आलेले तिला दिसले असते, आता तिला सगळंच दिसत होतं.

तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा तिने उचलून पाहिला. “माझी गाठ कुणी कापली?”

“मी.”

“कापायची खोडच तुम्हाला,” ती म्हणाली आणि तुकडा पदराच्या टोकाला बांधून तिने पानं पुढ्यात ओढली. या वेळी तिने समास मोकळा सोडून, नंबर उघडे ठेवून शिवलं. त्यामुळे काही पानं बाहेर आली, काही आत राहिली. शेवटी तिने तीन गाठी मारल्या आणि रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. बाइंडरांनी कडेवरून अंगठा फिरवला.

“राहू दे वेडीवाकडी,” ते म्हणाले.